रोजच्या सेडानला कॉइलओव्हर: घ्यावेत की नाहीत?

घाटवळण

माझं मत आधीच सांगतो. जी गाडी रोज ऑफिसला जाते आणि सुट्टीत चार माणसं, डिकीभर सामान घेऊन कोकणात उतरते, तिला कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र, उंची बदलता येणारा संच) घालू नयेत. उदाहरणादाखल तिसऱ्या पिढीची ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय घेऊ. गाडी ८०-९० हजार किलोमीटर चालली, शॉकअप थकले, एक्स्प्रेसवेवर ती हिंदकळायला लागली, की विचार येतो: बदलायचेच आहेत तर कॉइलओव्हरच टाकू.

आता हिशोब करा. पुढच्या एका चाकाच्या स्प्रिंगवर साधारण ३५० किलो भार धरा. चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा २२ न्यूटन प्रति मिमी असला, तर गाडीची नैसर्गिक कंपनसंख्या १.२६ हर्ट्झ येते. आरामशीर सेडान १ ते १.५ हर्ट्झच्या आसपासच ठेवलेली असते. त्याजागी ५ किलो प्रति मिमीची (सुमारे ४९ न्यूटन) स्प्रिंग बसवली, की स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या खांबाच्या, तिरकेपणाची वजावट करूनही चाकापाशी ४४ न्यूटन उरतात आणि आकडा १.७८ वर जातो. गुळगुळीत रस्त्यावर ही गाडी मस्त वळेल. हिंजवडीच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर मात्र मागे बसलेल्यांच्या कमरेला प्रत्येक सांधा जाणवेल.

कडकपणा एकवेळ सहन होतो, ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली हलायची जागा, गेली की इलाज नसतो. बंप स्टॉपरला (शेवटचा धक्का झेलणारा तुकडा) टेकण्याआधी समजा ६० मिमी जागा होती. स्प्रिंग जिच्यावर टेकते ती आट्यांवरची वाटी खाली फिरवून गाडी ३० मिमी बसवली, की त्यातली निम्मी जागा गेली. पुढच्या खड्ड्यात काम स्प्रिंग नाही, स्टॉपर करतो. म्हणून ‘कॉइलओव्हर फार हार्ड आहेत’ या तक्रारीत पुष्कळदा दोष स्प्रिंगचा नसतो, गाडी स्टॉपरवर चाललेली असते.

माझा सल्ला: कंपनीच्या स्प्रिंग तशाच ठेवा. त्यावर बिलस्टाइन बी६ किंवा कोनी स्पेशल अ‍ॅक्टिव्ह शॉकअप, सोबत नवे टॉप माउंट, बेअरिंग, बंप स्टॉपर आणि डस्ट कव्हर. गाडीचं हिंदकळणं थांबतं, उंची तीच राहते.

पानापेटी

हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. स्वस्त, खूप बसवलेला संच आणि चांगला, थोडासाच बसवलेला संच हे दोन्ही तुम्ही एकाच मापाने मोजले.

एक, उंची बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. केडब्ल्यू व्ही१, व्ही३ किंवा बिलस्टाइन बी१४ या संचांत स्प्रिंगची वाटी फिरते. यात तुम्ही म्हणता तशी दबण्याची ट्रॅव्हल कमी होते, मात्र या संचांचे शॉकअप खाली बसवण्याच्या हिशोबानेच आखूड केलेले असतात. बीसी रेसिंगच्या बीआरसारख्या संचात खालचा ब्रॅकेटच आत-बाहेर फिरतो आणि पूर्ण स्ट्रट लांब किंवा आखूड होतो. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, न बदलता उंची बदलली तर रॉडची ट्रॅव्हल शाबूत राहते.

दोन, प्रीलोडबद्दलचा गैरसमज. वाटी आवळली म्हणजे स्प्रिंग कडक झाली असं पुष्कळ गॅरेजवाले सांगतात. सरळ दराच्या स्प्रिंगचा दर वाटी फिरवून बदलत नाही. वाटीवाल्या संचात फक्त उंची बदलते. चाक पूर्ण लोंबकळत असताना स्प्रिंग सैल पडून खडखड करू नये, एवढाच प्रीलोड हवा.

तीन, खरं नुकसान होतं ते कंपनीच्या थकलेल्या शॉकअपवर लोअरिंग स्प्रिंग चढवल्याने. कडक स्प्रिंगला परतीचा आवर (दबलेली स्प्रिंग उसळताना शॉकअपने करायचा विरोध) जास्त लागतो आणि जुन्या शॉकअपकडे तो नसतो. गाडी दोनदा-तीनदा उसळते आणि शॉकअपचं सील वर्षभरात रडायला लागतं. स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी बनवलेले असणं हाच कॉइलओव्हरचा मोठा फायदा. १५ ते २० मिमी बसवा, त्याहून खाली जाऊ नका. रोजची गाडी म्हणून छान चालते.

घाटवळण

‘१५ मिमी’ म्हणताना ते कशापासून मोजता? कॅटलॉगमध्ये ‘३० ते ६० मिमी’ असं लिहिलेलं असतं, ते युरोपातल्या गाडीच्या उंचीपासून. आपल्याकडे विकलेल्या पुष्कळ मॉडेलची उंची वाढवलेली असते. मग कॅटलॉगमधले ३० मिमी इथे ४५ सुद्धा होऊ शकतात, आणि वाटी सगळ्यात वर नेली तरी जुनी उंची परत मिळत नाही. ऑर्डर देण्याआधी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांचं माप घ्या आणि विक्रेत्याकडून संचाची किमान-कमाल उंची याच मापात लेखी मागा. नुसतं ‘लोअरिंग’ किती हा आकडा घेऊन उपयोग नाही.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मधला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ऑक्टेव्हियाचा व्हीलबेस २.६९ मीटर, म्हणजे अशा गतिरोधकावर अख्खी गाडी चढून उतरते, पोट लागत नाही. सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक दोन फूट रुंद आणि हवा तेवढा उंच. तो दोन चाकांच्या मधोमध येतो आणि ऑइलच्या चेंबरलाच भेटतो. बेसमेंटच्या रॅम्पचंही तसंच. पोटाखाली १४० मिमी असले तर गाडी सुमारे १२ अंशांचा उंचवटा ओलांडते. ११० मिमी उरले की साडेनऊ अंशांपुढे पोट घासतं.

रत्नांग्रीकर

किनाऱ्यावरच्या गाडीवाल्यांसाठी एक मुद्दा राहतोय. इथे चार महिने पाऊस, आणि बाकीचे आठ महिने खारी हवा. शॉकअपच्या स्टीलच्या बॉडीवर अ‍ॅल्युमिनियमची वाटी असली की खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात आणि वाटी कायमची चिकटते. मग लोक हातोडी-छिन्नीने ठोकतात, आटे जातात, आणि ‘अ‍ॅडजस्टेबल’ फक्त बिलावर उरतं. केडब्ल्यूची बॉडी स्टेनलेसची असते, तिचा फरक इथे पडतो.

कुठलाही संच घेतला तरी जूनच्या आधी नायलॉनच्या ब्रशने आटे साफ करा, वाटीची जागा मार्करने खूण करून ती दोन फेरे सैल करून पुन्हा जागेवर आणा, आट्यांवर अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारा लेप) लावा. पावसाळा संपला की हेच पुन्हा. वॉशिंग सेंटरवाल्याला सांगून ठेवा, प्रेशरचा फवारा शॉकअपच्या सीलवर सरळ मारू नको. आणि वर पिलोबॉल माउंट (रबराऐवजी धातूच्या गोळ्याचा सांधा) असलेला संच कोकणात रोजच्या गाडीला घेऊ नका. धूळ-पाणी शिरून त्याचं बेअरिंग लवकर वाजायला लागतं. रबराचं माउंटच बरं.

टॉर्करेंच

घ्यावेत की नाही यावर तुमचं चालू द्या. पण घेणार असाल तर बसवण्यात काय बिघडतं ते ऐका, कारण चांगला संच वाईट बसवलेला मी पुष्कळ पाहतो.

या गाडीच्या प्लॅटफॉर्मवर पुढच्या स्ट्रटचे दोन व्यास येतात, ५० आणि ५५ मिमी. मागचा अ‍ॅक्सलही दोन प्रकारचा, ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आणि मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला स्वतंत्र लिंक). चारही गोष्टींची वेगवेगळी किट. स्ट्रट नकलमध्ये (चाकाचा हब धरणारा भाग) घुसतो तिथे व्हर्नियर लावून माप घ्या, मगच पैसे भरा.

काढताना नकलच्या खाचेत स्प्रेडर घालून ती उघडायची, स्ट्रट हातोडीने ठोकून काढायचा नाही. नकल नुसता लोंबकळू दिला तर ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर आणि ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट ताणला जातो, तो तारेने बांधून ठेवा. रॉडच्या नटवर इम्पॅक्ट गन मारू नका, रॉड गरगर फिरून सील जातं. रॉड अ‍ॅलन कीने धरून नट पान्याने आवळा. टॉर्क दिल्यावर पुढे ठरावीक अंश फिरवून आवळायचे बोल्ट नवेच लागतात.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. लोअर आर्म आणि मागच्या लिंकचे रबर बुश बाहेरच्या नळीला आणि आतल्या बाहीला चिकटलेले असतात. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले की गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेलाच राहतो. काही महिन्यांत तो फाटतो आणि नाव कॉइलओव्हरचं खराब होतं. नकलखाली जॅक लावून हब ते मडगार्ड ठरलेलं माप आणा आणि त्या उंचीला टॉर्क द्या.

आधी लिंक रॉड, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारची कांडी, तपासा. गाडी बसली की त्याचा कोन बदलतो, तो आर्मला किंवा शाफ्टला घासत असेल तर आखूड किंवा अ‍ॅडजस्टेबल लिंक घ्या. मग ३०० ते ५०० किलोमीटर गाडी चालवा, स्प्रिंग बसू द्या, उंची पुन्हा मोजा आणि त्यानंतर अलाइनमेंट. पहिल्या दिवशी केलेली अलाइनमेंट वाया जाते. टायर आतून खाल्ला की लोक कॅम्बरला (चाकाचा उभा कल) दोष देतात, पण टायर जास्त खातो तो बिघडलेला टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं). या गाडीला पुढे कॅम्बरची कंपनीची अ‍ॅडजस्टमेंट जवळपास नाही, सबफ्रेम सरकवून मिळेल तेवढीच. मागे मल्टिलिंकला कोन बदलायला एक्सेंट्रिक बोल्ट आहेत, ट्विस्ट बीमला तेही नाहीत. हेडलाइट ऑटो लेव्हलिंगचे असतील तर त्यांची बेसिक सेटिंग पुन्हा करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जाईल.

नियमाने_चला

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचे तपशील उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलाला, सुटे भाग बसवून केलेल्यालाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर शॉकअपची नोंद नसते म्हणून सगळं चालतं असा अर्थ काढणारे बरेच भेटतील. तो अर्थ तुमच्या जोखमीवर. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. जुने शॉकअप-स्प्रिंग भंगारात देऊ नका.

पानापेटी

कायद्याचं मान्य. भंगाराचंही.

@घाटवळण, उंचीचं माप हब ते मडगार्ड घ्यावं हे शंभर टक्के बरोबर. पण बी६ हाही फुकटचा उपाय नाही. कंपनीच्या स्प्रिंग ९० हजार किलोमीटरनंतर थोड्या बसलेल्या असतात, उंची एकसारखी राहिलेली नसते. नव्या स्प्रिंग, माउंट, स्टॉपर, मजुरी धरली की साध्या कॉइलओव्हरशी अंतर बरंच कमी होतं. आणि घाटात जास्त चालवणाऱ्याला, वरंधा किंवा ताम्हिणी, अंगावर येणारा बॉडी रोल फक्त शॉकअपने थांबत नाही. शॉकअप रोलचा वेग कमी करतो. वळणात गाडी शेवटी किती कलणार ते स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार ठरवतात.

घाटवळण

म्हणून बसवलेली गाडी कमी कलते, असं समजू नका. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत उंची कमी केली की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. लोअर आर्म बाहेरच्या बाजूने वर कलला की गाडीला कलवणारा दांडा, म्हणजे या दोन बिंदूंमधलं अंतर, लांब होतो आणि नव्या स्प्रिंगचा बराच कडकपणा तो भरून काढण्यातच जातो. रोलच कमी करायचा तर मागे जाड स्टॅबिलायझर बार लावा. उंचीला, ट्रॅव्हलला हात लागत नाही. आराम हवा तर १७ इंचावरून १६ वर या: २२५/४५ आर१७ ची भिंत १०१ मिमी, २०५/५५ आर१६ ची ११३. व्यास जवळपास तोच, आणि सुमारे १२ मिमी रबर जास्त मिळतं.

पानापेटी

बारचं म्हणणं पटतं, मात्र जाड बारने एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकापर्यंत पोचतो, तेही लिहा.

ज्यांनी संच घेतलाय त्यांच्यासाठी सेटिंग: शॉकअपचा आवर बदलणारा नॉब हळूच पूर्ण बंद करा, तिथून मागे क्लिक मोजा, डावं-उजवं सारखंच. ३० क्लिकच्या संचात १५-१८ मागे सुरुवात करा. एकच नॉब असलेल्या संचात परतीचा आवर आणि दाबाचा आवर एकत्र बदलतात, म्हणून ‘मऊ’ करायला जाल तर गाडी हिंदकळेल. एकामागून एक सांधे येणाऱ्या काँक्रीटवर गाडी हळूहळू खाली बसत जाऊन शेवटी आपटायला लागली, तर परतीचा आवर जास्त आहे, दोन क्लिक सोडा. एकदाच उसळून सावरत नसेल तर दोन आवळा. एका वेळी एकच अ‍ॅक्सल.

घाटवळण

एवढं करण्याआधी सध्याच्या शॉकअपवर एक चाचणी करा, खर्च एका झिपटायचा. डस्ट कव्हर वर सरकवून रॉडवर, शॉकअपच्या बॉडीला टेकून, झिपटाय घट्ट बांधा. चार माणसं आणि सामान भरून नेहमीच्या रस्त्यावर जाऊन या. गाडी रिकामी करून उभी केली, की बॉडीपासून टाय जितका वर गेला तितकी ट्रॅव्हल वापरली गेली. टाय बंप स्टॉपरपर्यंत गेला असेल, तर तुमच्या गाडीला आत्ताच जागा अपुरी आहे. १५ मिमीसुद्धा बसवू नका. पुढचे स्ट्रट उलट्या रचनेचे असले, जसे बी६ चे असतात, तर ही चाचणी त्यांच्यावर चालत नाही, म्हणून कंपनीचे शॉकअप असतानाच करा.

पानापेटी

चाचणी मान्य. टाय आणि स्टॉपर यांच्यात ३० मिमी उरले तर १५ मिमी बसवायला हरकत नाही, असं माझं म्हणणं कायम.