फोर व्हील ड्राइव्ह हॉट हॅच: गोल्फ आर की जीआर यारिस? बजेट ३० हजार पौंड

रेडिंगकर:
नमस्कार मंडळी. इंग्लंडात येऊन बरीच वर्षं झाली, डिझेल गाडीने ऑफिसला जाऊन जाऊन कंटाळा आलाय आणि आता एक हॉट हॅच (छोटी, पण जोरदार इंजिनची हॅचबॅक) घ्यायचीच असं ठरवलंय, घरून परवानगी पण मिळालीये (अट एकच, मागे बेबी सीट बसली पाहिजे). सेकंडहँडच घेणार, ३० हजारांच्या आत. फोर व्हील ड्राइव्हच हवी कारण इथला रस्ता बघावं तेव्हा ओला, आणि जरा पाय दाबला की पुढची चाकं नुसती गरागरा फिरतात ते नको. २०२१ च्या आसपासच्या गोल्फ आर, ऑडी एस३, बीएमडब्ल्यू एम१३५आय आणि टोयोटा जीआर यारिस बघतोय. कागदावर ०-१०० ला गोल्फ ४.७ सेकंद, यारिस ५.५. मग यारिस सरळ बादच ना? लोक तिच्यासाठी एवढे वेडे का होतात? पैसे वसूल कशात ते सांगा.

खंबाटकी_उतार:
आधी ते ०-१०० चं खूळ डोक्यातून काढा राव. गोल्फ ३२० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) आणि दीड टनाची, यारिस २६१ पीएस आणि १२८० किलोची, म्हणजे टनामागे ताकद दोघींची सारखीच, दोनशेच्या पुढेमागे. मग पाऊण सेकंद गेला कुठे? गिअरबॉक्समध्ये. गोल्फला डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि लाँच कंट्रोल, ब्रेक दाबा, अ‍ॅक्सिलरेटर दाबा, ब्रेक सोडा, बाकीचं कॉम्प्युटर बघतो. तेव्हाची यारिस फक्त मॅन्युअल, क्लच तुम्ही सोडणार, गिअर तुम्ही टाकणार. रोज सिग्नलवरून रॉकेटसारखं कोण सुटतं हो?

खरा फरक वळणावर कळतो. गोल्फच्या आठव्या पिढीत मागच्या डिफरेन्शियलला (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) डावीउजवीकडे एकेक क्लच आहे, वळणात मागच्या वाट्याचा सगळा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) बाहेरच्या चाकाला देता येतो, त्यामुळे गाडी आतल्या बाजूला वळते. त्याच काळातल्या एस३ ला हे नव्हतं, २०२४ च्या फेसलिफ्टला आलं. एम१३५आय मध्ये पुढे मेकॅनिकल लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरू न देणारं डिफरेन्शियल) आहे पण मागे जास्तीत जास्त निम्मा टॉर्क जातो, स्वभाव पुढच्या चाकांच्या गाडीचाच. यारिस ही रॅलीसाठी होमोलोगेशन म्हणून (शर्यतीच्या नियमात बसावं म्हणून रस्त्यावर विकायची गाडी) बनवलेली, तीन सिलिंडरचं १.६ इंजिन, छप्पर कार्बनचं, आणि नॉबने ६०:४०, ५०:५०, ३०:७० असा पुढचा-मागचा हिशोब बदलता येतो. सर्किट पॅक (जादा पैशांचा ऑप्शन) असेल तर पुढे-मागे दोन्हीकडे टॉर्सन, म्हणजे तसलंच लिमिटेड स्लिप. ओल्या बी रोडवर (इंग्लंडातला छोटा, वळणावळणाचा रस्ता) ती जे सांगते ते गोल्फ सांगत नाही, गोल्फ फक्त काम करून मोकळी होते.

किमतीचं म्हणाल तर नवीन असताना सर्किट पॅकवाली ३३,४९५ पौंड, गोल्फ आर ३९,२७० पासून. २०२४ ची सुधारलेली यारिस २८० पीएसची झाली, ऑटोमॅटिक पण आली, पण किंमत थेट ४४ हजारांच्या वर. म्हणून जुनीला भाव टिकून आहे. माझं मत यारिस, डोळे झाकून.

मिल्टन_कीन्सचे_मामा:
डोळे झाकून म्हणे! त्यांनी बेबी सीट लिहिलंय ते वाचलं का? यारिसला दोनच दरवाजे, मागचं छप्पर खाली उतरलेलं, डिकी १७४ लिटर. पावसात सुपरमार्केटच्या पार्किंगला पुढची सीट वाकवायची, अर्धं अंग आत घालायचं, रडणाऱ्या पोराचा बेल्ट चाचपडत शोधायचा आणि तोवर पाठीवर पाणी. स्ट्रोलर टाकलं की डिकी संपली. एकटा असतास तर मीही यारिसच म्हटलं असतं.

आता टॅक्स. नवीन असतानाची किंमत ऑप्शन धरून ४० हजारांवर गेली असेल तर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं जादा रोड टॅक्स, सध्या वर्षाला चारशेच्या वर. तू कितीला घेतोस याच्याशी संबंध नाही. गोल्फ ३९,२७० ला सुरू म्हणजे कुणी अ‍ॅडॅप्टिव्ह डँपर (रस्त्याप्रमाणे मऊ-कडक होणारं सस्पेन्शन) टिकमार्क केले की गेली वर. प्रत्येक गाडीची मूळ किंमत तपास.

मी तुझ्या जागी असतो तर साडेसातवाली, म्हणजे सातव्या पिढीची सुधारलेली, २०१७-१८ ची ३१० पीएसची गोल्फ आर बघितली असती. मागच्या डिफरेन्शियलचं ते दोन क्लचचं प्रकरण नाही, पण एसीला खरी बटणं आहेत. आठवीमध्ये तापमानाचे टच स्लायडर, त्यांना रात्री लाइटही नाही, आणि स्टिअरिंगवरची टच बटणं वळताना तळहात लागून दाबली जातात. पैसे वाचतील त्यातून चांगले टायर घे. फोर व्हील ड्राइव्ह निघताना मदत करते, थांबताना नाही. आणि चारही टायर सारखे झिजलेले हवेत, एकच नवीन टाकून भागवू नको.

पुण्याचा_पेट्रोलहेड:
तुमचे प्रॉब्लेम ऐकून इकडे पोटात दुखतंय. आपल्याकडे मर्सिडीजची ए४५ एस २०२१ मध्ये आली, ७९.५० लाख एक्स शोरूम. ४२१ पीएस, ३.९ सेकंद, सगळं खरं, पण तेवढ्यात पुण्यात टू बीएचके बघतात लोक. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आली ५३ लाखांना, ती पण पुढच्या चाकांची. घ्या गपचूप आणि फोटो टाका.

रेडिंगकर:
मामा, बेबी सीटवाला मुद्दा घरी वाचून दाखवला, यारिसचा विषय तिथेच संपला 😅 साडेसातवाली बघायला शनिवारी चाललोय. नेमकं काय तपासू?

मिल्टन_कीन्सचे_मामा:
हॅल्डेक्सचं (मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच) ऑइल दर तीन वर्षांनी बदललंय का त्याचं बिल माग, नुसता शिक्का चालत नाही. ह्या पिढीत वेगळा फिल्टर नाही, पंपाला बारीक जाळी आहे, तिच्यात क्लचची घाण अडकते. ऑइल बदलून जाळी तशीच ठेवली तर पंप जातो आणि गाडी गुपचूप फ्रंट व्हील ड्राइव्ह होते, बऱ्याच जणांना कळतही नाही. डीएसजीचं ऑइल वेगळं, तेही विचार. ओल्या जागेवर उभ्यावरून जोरात सोडून बघ, पुढची चाकं फिरत राहिली तर पुढे बोलणी नको. आणि निघायच्या आधी इन्शुरन्सचं कोटेशन तुझ्या पोस्टकोडवर काढ, आणि गाडीवर ट्यूनिंग (ताकद वाढवायला केलेले बदल) केलेलं आहे का तेही विकणाऱ्याकडून लेखी घे.