३८ अंश आणि घाम

"नागपूरकर ४५ अंश मुकाट्याने सोसतात, मुंबईकर ३८ लाच हाय खातात" हा उन्हाळ्यावरच्या या चर्चेत कुणीतरी मांडलेला मुद्दा मला मुळीच पटला नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या उघड्या मैदानात उन्हाने माणसं दगावली, तेव्हा पारा ३८ च्याच आसपास होता. शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळे, नुसता घाम आल्यामुळे नाही. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम पाठीवरून ओघळतो, सुकत मात्र नाही. ४५ अंश आणि १० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २१-२२ दाखवेल, म्हणजे घाम सुकून अंग थंड व्हायला भरपूर वाव आहे. ३८ अंश आणि ६० टक्क्यांना तोच ३१ च्या घरात जातो. तिथे धडधाकट तरुणाचं शरीरही हार मानायला लागतं. म्हणूनच हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला ४० अंशांचा निकष लावतं, किनारपट्टीला ३७ चा. विदर्भातलं ऊन सौम्य आहे असं अजिबात नाही, पण ही तुलनाच चुकीची आहे.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी लिहिली नाही, ती औषधांची. माझ्या सासूबाईंना बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे, म्हणजे शरीरातलं पाणी आणि मीठ लघवीवाटे बाहेर काढणारी; उन्हाळ्यात घामानेही तेच जातं. गेल्या मे महिन्यात त्यांना उठताना चक्कर यायला लागली, जीभ कोरडी पडायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर सोडियम (रक्तातलं मीठ) घसरलेलं. उन्हाळ्यापुरता डोस कमी करून दिला. घरात अशी गोळी घेणारं कुणी असेल तर मार्चमध्येच डॉक्टरांना विचारा. स्वतःहून मात्र बंद करू नका.