आपला परिवार ग्रुप: नाना-माईंची जुलैची तिकिटं

ताई: नाना, तुम्ही 9 जुलैला लास वेगासला जाताय आणि हे मला वहिनीच्या स्टेटसवरून कळतंय?? आणि वर लिहिलंय "रेड रॉक कॅन्यन ट्रेक विथ नाना". जुलैमध्ये तिथे चाळीसच्या वर असतं हो, वाळवंट आहे ते

नाना: रोज पर्वती चढतो मी. काळजी नसावी.

छोटे काका: रेड रॉकला आधी वेळेचं रिझर्वेशन लागतं. केलंय का? व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय.

दादा: ताई पिल्लूची सुट्टी तेव्हाच असते गं, आणि ऑक्टोबरला माझा प्रोजेक्ट. कॅन्यन आमच्या वेगासच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, त्रास झाला तर लगेच परत.
काका, रिझर्वेशन 1 ऑक्टोबर ते 31 मे एवढंच लागतं, जुलैला नाही. गाडीचे 20 डॉलर गेटवर.

मोठी आत्या: पर्वतीचं कौतुक सांगू नकोस. त्या जूनला सिंहगडावर पुणे दरवाज्याच्या अलीकडे कसा मटकन बसलास, ओठ पांढरे पडले होते. ताकवाल्या बाई होत्या म्हणून निभावलं. पाण्याची बाटली कुठे होती ते सगळ्यांना माहितीये, मी काही बोलत नाही.

वहिनी: आत्या, बाटली माझ्या पर्समध्ये नव्हती, डिकीत होती. हे मी तेव्हाही सांगितलेलं 🙏

मोठी आत्या: मी कुणाचं नाव घेतलं का

माई: जुनं उकरू नका. फोटोत गाढवं दिसली ती किती गोंडस आहेत. मी त्यांच्यासाठी दोन पोळ्या घेऊन जाईन.

दादा: माई अजिबात नको हां! ती रानटी आहेत, बरो म्हणतात. खायला द्यायला बंदी आहे, कारण खाण्यासाठी ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. लांबूनच बघायची.

मन्या: माई तुझी पोळी खाऊन गाढवं पुण्याला यायला निघतील 😂

छोटे काका: रिझर्वेशनचं बघा. गेटवरून परत पाठवतात.

मन्या: काका दादाने वर लिहिलंय

नाना: आम्हाला तिथला आइस बॉक्स कॅन्यन बघायचाय. नावातच बर्फ आहे, म्हणजे थंड असणार.

ताई: नाना मी सगळं वाचलंय त्याच्याबद्दल. सावली असते हे खरं, पण शेवटी मोठमोठ्या दगडांवरून उड्या मारत जायचं असतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालंय. आणि जुलै ते सप्टेंबर तिथे अचानक वळवासारखा पाऊस येतो, लांब डोंगरावर पडतो आणि दरीत लोंढा येतो, तुमच्या डोक्यावर ऊनच असतं. पावसाळ्यात सांधण दरीत कोणी उतरतं का? मग?

नाना: सांधणचं मला तू सांगू नकोस, मी 82 साली पाहिलीये.

मन्या: नाना पण एक गोष्ट तिथे खरंच बघाच. लाल दगड म्हणजे आधी वाळूच्या टेकड्या होत्या, साधारण 18 कोटी वर्षांपूर्वीच्या, वाळू दाबून दगड झाला, लोखंडाच्या गंजाने लाल. आणि त्याच्यावर करडा चुनखडक बसलाय जो त्याहून जुना आहे! जुना वर, नवा खाली. जमीन सरकून वर चढली, त्याला कीस्टोन थ्रस्ट म्हणतात. आपल्या सिंहगडाचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा म्हणजे तिथल्यापुढे पोरगाच. फर्ग्युसनला सरांनी हे चित्र काढून दाखवलं होतं, तुम्ही प्रत्यक्ष बघणार. फोटो मला हवेतच.

छोटे काका: छान माहिती. रिझर्वेशन?

वहिनी: काका 🙏🙏

ताई: दादा ऐक आता. गेट सहाला उघडतं ना? सहालाच आत. माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखर घातलेलं वेगळं. तिथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावरच सुकतो, आपल्याला वाटतं घामच नाही आला, आणि माणूस एकदम खचतो. बाटल्या डिकीत नाही, प्रत्येकाच्या पाठीवर. तुला ओरडत नाहीये, पण त्या दिवशी नानांचा हात धरून मी बसले होते तुम्ही खाली गाडी आणायला गेलात तेव्हा, तो हात बर्फासारखा होता, अजून आठवतो मला.

दादा: ताई सॉरी. खरंच. ऐक, असं करू. 21 किलोमीटरचा गाडीरस्ता आहे, वन वे, स्टॉप चुकला तर परत पूर्ण फेरी मारावी लागते म्हणून सावकाश. पायी फक्त लॉस्ट क्रीक, सव्वा किलोमीटरची फेरी. विलो स्प्रिंगला दगडावरची जुनी चित्रं, ती गाडीपासून जवळ. नऊपर्यंत बाहेर. कॅलिको टँक्सचा ट्रेक आणि आइस बॉक्स कॅन्सल.

नाना: कॅलिको टँक्समधून म्हणे अख्खं वेगास दिसतं.

मोठी आत्या: गाडीतून बघ. लहानपणीही तुझं असंच, नाही म्हटलं की तेच.

माई: ते गाडीतूनच बघणार. मी बसलीये त्यांच्या शेजारी.

नाना: बरं. सव्वा किलोमीटर.

ताई: आणि आत मोबाईलला रेंज धड नसते, दादा तू आत जाताना आणि बाहेर आल्यावर दोन्ही वेळी इथे मेसेज टाक. मी रात्री जागीच असेन, तुमची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळच आहे तशी

वहिनी: टाकते ताई मीच. नानांना नवीन टोपी घ्या ना, मोठ्या कडेची. लक्ष्मी रोडला मिळेल.

ताई: शनिवारी अकराला मी येते नानांना न्यायला. बूटही बघू, ते जुने घासलेत तळाला.

छोटे काका: मी पण येतो. येताना रिझर्वेशनची प्रिंट काढू.