प्रति: संशोधनात नर्सचं काम नोंदींपुरतंच?

वर कुणीतरी लिहिलंय की संशोधन डॉक्टरांचं, सिस्टर फक्त रजिस्टर भरतात. हे मुळीच पटलं नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेला मिसोप्रोस्टॉलचा, म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळायच्या गोळ्यांचा अभ्यास बघा, २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. १६२० बायका, आणि बाळंतपणं करणाऱ्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या नर्स. बाळ बाहेर आलं की गोळ्या या नर्सच द्यायच्या, त्यातल्या अर्ध्या नुसत्या दिसायला तशा, औषध नसलेल्या, आणि कुणाला कुठल्या गेल्या हे त्यांनाही ठाऊक नसायचं.

रक्तही त्याच मोजायच्या. बाईच्या कमरेखाली प्लास्टिक पसरायचं, त्याच्या टोकाला खुणा केलेली पिशवी. नाहीतर कपड्यावर सांडलेलं रक्त नजरेच्या अंदाजानं बहुतेकदा कमीच धरलं जातं. अतिरक्तस्रावाचं प्रमाण नुसत्या दिसायच्या गोळ्या घेतलेल्यांत १२ टक्के, तर खऱ्या गोळ्या घेतलेल्यांत ६.४ टक्के निघालं. याला नुसत्या नोंदी म्हणायचं?