चुंबकीय क्षेत्र गेलं तर जमिनीवरचं जीवन संपेल? मला नाही पटत

झिरोमाईलवाला:
परवा शहरात एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते ठासून सांगत होते की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बंद पडलं तर अवकाशातल्या प्रारणांनी जमिनीवरचं सगळं जीवन संपेल. पोरं घाबरून ऐकत होती. माझं म्हणणं, जमिनीवर आपल्याला मुख्यतः वाचवते ती हवा. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो हवा आहे, म्हणजे १० मीटर पाण्याइतकं वजन. चुंबकीय क्षेत्र फक्त विद्युतभारित कणांना वळवतं. क्ष-किरण, गॅमा, अतिनील किरण यांच्यावर त्याचा काही परिणाम नाही, ते काम ओझोन आणि बाकीच्या हवेचं. शिवाय ध्रुवांकडे क्षेत्ररेषा जवळजवळ उभ्या जमिनीत शिरतात, तिथे ही ढाल फार तोकडी. नॉर्वेत ट्रॉम्सोला माणसं सुखाने राहतातच ना?

बर्डीकर:
दादा, मंगळ विसरलात. त्याचं क्षेत्र सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी विझलं आणि सौरवाऱ्याने (सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताने) हवा ओरबाडून नेली. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या मेव्हेन यानाच्या मोजणीनुसार आजही सेकंदाला साधारण १०० ग्रॅम जाते, हा आकडा २०१५ मध्ये जाहीर झाला. तरुण सूर्य तर आजच्यापेक्षा कितीतरी खवळलेला होता. तुम्ही ज्या हवेचे गोडवे गाताय, ती टिकवली कोणी?

झिरोमाईलवाला:
मग शुक्राची कोणी टिकवली? त्याला स्वतःचं क्षेत्र नाही, सूर्याच्या जास्त जवळ आहे, तरी पृष्ठभागावर दाब आपल्या ९० पट. मंगळाचं गुरुत्व आपल्या ३८ टक्के, ज्वालामुखीही थंडावले. गेलेली हवा भरून कुठून येणार? आणि आपल्या ध्रुवांकडूनही ऑक्सिजनचे आयन निसटत असतातच. क्षेत्र जितकं मोठं, तितकी सौरवाऱ्याची ऊर्जा जास्त गोळा होते आणि हवा निसटायला मदतच होते, असं मांडणारे शास्त्रज्ञही आहेत.

बर्डीकर:
शुक्राची गोष्ट लोक नेहमी सोयीने अर्धी सांगतात. सौरवारा त्याच्या आयनमंडलावर (हवेच्या वरच्या विद्युतभारित थरावर) आदळून तिथे प्रवाह निर्माण करतो, त्यातून तात्पुरतं क्षेत्र उभं राहतं. थोडी ढाल आहेच. आणि त्याचं पाणी कुठे गेलं? तिथे जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या १०० पटींच्या वर आहे, म्हणजे हलका हायड्रोजन प्रचंड प्रमाणात उडून गेला. कार्बन डायऑक्साइड राहिला, पाणी नाही. असं वातावरण टिकून काय उपयोग?

काहूनबे:
काय बाप्पा, शुक्रावरच भांडून राहिले! दोघंबी अर्धंच सांगता. मे महिन्यात आपण तोंडाले दुपट्टा बांधतो, त्यानं फरक पडतेच. पण जीव वाचवते ते घराचं छत. आता आकडे पाहा. अवकाशस्थानक क्षेत्राच्या आत, पण हवेच्या वर. तिथं प्रारण लागते दिवसाले अर्ध्या मिलिसिव्हर्टच्या (अंगाले किती प्रारण लागलं ते मोजायचं एकक) आसपास. मंगळावर क्षेत्र नाही, हवा नावापुरती. तिथल्या क्युरिऑसिटी गाडीनं मोजलं दिवसाले सुमारे ०.६७. आपल्याले जमिनीवर अवकाशातून मिळते वर्षाले सरासरी ०.४ च्या जवळपास. वर्षाले! दिवसाले नाई. दुपट्टा कोणता अन् छत कोणतं, हे समजून घ्या.

दख्खनची_लेक:
भूशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून थोडं. नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती बेसॉल्टची, दख्खनच्या लाव्हाची, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजांत त्या वेळच्या क्षेत्राची दिशा गोठते. दख्खनच्या कित्येक थरांत ती आजच्या उलट सापडते. तेव्हापासून क्षेत्र शंभराहून जास्त वेळा उलटलंय आणि प्रत्येक वेळी मधल्या काळात ते बरंच क्षीण होतं. प्रत्येक वेळी जीवसृष्टी संपली असती तर जीवाश्मांच्या नोंदीत ते ठळक दिसलं असतं. तसं दिसत नाही. (डायनासोर त्याच काळात गेले म्हणून कुणी उडी मारू नका, त्याचं कारण मेक्सिकोत चिक्शुलूबला आदळलेली उल्का आहे.)

बर्डीकर:
ताई, पण सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वीच्या लाशांप घटनेचं काय? क्षेत्र आजच्या दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली आलं होतं. बर्फात साठलेल्या बेरिलियम-१० ची (अवकाशातल्या कणांच्या माऱ्याने तयार होणाऱ्या मूलद्रव्याची) वाढ सांगते की कण जास्त आत आले. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने निअँडरथल हे आदिमानव संपण्याशीही त्याचा संबंध जोडला.

दख्खनची_लेक:
आणि त्यावर लगेच आक्षेपही आले, तेही सांगा. बेरिलियम वाढलं हे खरं. पण ते तयार होतं हवेत, वरच्या थरांत. कण हवेने अडवले, त्याचीच ती खूण.

बर्डीकर:
बरं, आपल्याच देशातलं घ्या. २२ जून २०१५ ला सूर्यावरून आलेला झोत पृथ्वीवर आदळला तेव्हा उटीच्या ग्रेप्स-३ म्युऑन दुर्बिणीला सुमारे दोन तास म्युऑन (अवकाशातले कण हवेवर आदळून तयार होणारे सूक्ष्म कण) वाढलेले दिसले. ढाल तेवढ्यापुरती कमजोर झाली, असा निष्कर्ष निघाला. दक्षिण अटलांटिकवर तर क्षेत्र कायमच कमी. तिथून जाताना हबल दुर्बीण निरीक्षणं थांबवते. क्षेत्र गेलं तर हे सगळ्या आकाशात होईल. उपग्रह बंद, जीपीएस बंद. मग बसा हवेचं कौतुक करत.

झिरोमाईलवाला:
उपग्रहांबद्दल माझा वाद नव्हताच. तिथे हवा नाही, क्षेत्रच कामाला येतं, मान्य. पण त्या दोन तासांत उटीत कुणी आजारी पडलं का? जमिनीवरचे प्राणी प्रारणांनी मरतील, या विधानाला पुरावा द्या. मंगळाचा नको, पृथ्वीचा.