लंडनला बदली, पोराला सिकल सेल (एसएस) आहे, तिकडे दवाखान्याचं कसं जमवायचं?

मिहानवाला
नमस्कार मंडळी, मी नागपूरला मिहानमधे आयटीत आहे, कंपनी तीन वर्षांसाठी लंडनला पाठवून राहिली, बायको आणि सात वर्षांचा पोरगा सोबत. पोराला सिकल आहे, रक्ताचा जन्मजात आजार, नुसता कॅरियर (वाहक) नाही, पूर्ण एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. इथं सगळं बसलेलं आहे आमचं, धंतोलीत डॉक्टर ठरलेले, हायड्रॉक्सियुरिया (सिकलची रोजची गोळी) चालू, अंगात कळ उठली तं पाणी, शेक, गोळी आणि नाहीच थांबली तं रात्री बारालाही डॉक्टरांना फोन करता येते. तिकडे कोणाला फोन करायचा? मॅनेजर म्हणते कंपनीचा प्रायव्हेट इन्शुरन्स आहे, टेन्शन नको, घर लंडनबाहेर रीडिंग गावाला घे, भाडं कमी पडते. मामा म्हणते पोराला आजीजवळ ठेवून जा, तिकडच्या डॉक्टरांनी सिकल पाहिलेला तरी असते का. वरून व्हिसाच्या फॉर्ममधे हेल्थ सरचार्जचा (तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठी आधीच भरायच्या फीचा) आकडा पाहून डोळे पांढरे झाले. कोणाचं लेकरू सिकलवालं आहे का तिकडे? चांगलं हॉस्पिटल कोणतं तेवढं सांगा.

वेम्बलीची_वहिनी
भाऊ मी मूळची नागपूरच्या इंदोऱ्याची, आता लंडनला, माझ्या पोरीला एसएस आहे. मामांना सांगा काळजी नको, इथं आफ्रिकन आणि कॅरिबियन लोकं पिढ्यानपिढ्या राहून राहिले आहेत, सिकल इथल्या डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे, इंग्लंडमधे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची टाच टोचून जे रक्त घेतात त्यात सिकल पण तपासतात.

हॉस्पिटल नका शोधू, सिकलचं सेंटर शोधा आणि मग घर त्याच्या आसपास घ्या. आपल्याकडे कसं, नाव ऐकलं की रामदासपेठेत नंबर लावला, पैसे भरले, मोठ्या डॉक्टरसमोर बसलो. इथं तसं चालत नाही, आधी मोहल्ल्याचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, तो चिठ्ठी देणार, मग हॉस्पिटल. दक्षिणेत किंग्ज कॉलेज हॉस्पिटल आहे, लेकरांसाठी एव्हलिना, उत्तरेकडे व्हिटिंग्टन, नॉर्थ मिडलसेक्स, आणि आमच्या ब्रेंटमधे सेंट्रल मिडलसेक्स. वेम्बली-हॅरोला गुजराती दुकानं आहेत, पोहे-साबुदाणा मिळते, महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे ते पण जवळच. रीडिंगचं भाडं वाचेल हो, पण पोराची फाईल लंडनच्या सेंटरला आणि रात्री दोनला कळ उठली तं तुम्ही रीडिंगला, मग काय कराल?

सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला 1035 पाउंड आणि 18 च्या खालच्या लेकराला 776, सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागते. कंपनीकडून काढून घ्या, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. तो भरला की एनएचएसमधे, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यांत, अ‍ॅडमिट, रक्त चढवणं, तपासण्या, कशाचंच बिल येत नाही, आणि 16 च्या खालच्या लेकराची औषधं पण फुकट.

पोचल्याबरोबर जीपीकडे नाव टाका. काउंटरवरची बाई लाइट बिल मागेल, माझ्याकडे मागितलं होतं, तेव्हा आम्ही दुसऱ्याच्या घरी एका खोलीत होतो तं बिल आणायचं कुठून? नियम असा आहे की जीपीकडे नाव टाकायला पत्त्याचा पुरावा किंवा आयडी लागत नाही. गोड बोलून पण ठाम सांगा, नाहीच ऐकलं तं मॅनेजरला भेटा.

मेडिकल_चौक
मी नागपुरातच आहे, रक्ताच्या लॅबमधे वर्षं गेली माझी. तिकडचं बाकीचे सांगतीलच, निघायच्या आधी इथून काय न्यायचं ते मी सांगतो, कारण पेशंटची फाईल म्हणजे पिशवीत कोंबलेल्या पुसट झालेल्या पावत्या, हे रोज पाहतो.

एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट ओरिजिनल न्या. त्यात एचबी-एफ (बाळपणीचं हिमोग्लोबिन, सिकलला आवर घालणारं) किती टक्के आहे ते महत्त्वाचं, आपल्याकडच्या सिकलमधे ते बरेचदा जास्त असतं आणि आफ्रिकन पेशंट पाहायची सवय असलेल्या डॉक्टरला हे माहीत असलेलं बरं. आता यावरून आपला सिकल साधा असतो असं काही लोक म्हणतात, मला ते पटत नाही, विदर्भात भारी केसेस काय कमी आहेत का. पोरगा बरा असतानाचं हिमोग्लोबिन किती असतं ते लिहून घ्या. 7.5 वर तो खेळत-बागडत असेल तर तिथल्या नवीन डॉक्टरने 7.5 पाहून लगेच रक्त चढवायला घेऊ नये.

रक्त आजवर कधी, किती चढवलं, आणि त्या रक्ताविरुद्ध अंगात अँटिबॉडी तयार झाली होती का, हे सगळ्यात आधी विचारतील. लसी तारखांसकट, न्यूमोकोकलची खास. प्लीहा वाढली आहे का. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर (सोनोग्राफीसारखी तपासणी) झाली असेल तर तो रिपोर्ट, तिकडे 2 ते 16 वयाच्या एसएस लेकरांची ती दरवर्षी करतात, आपल्याकडे पुष्कळांची एकदाही झालेली नसते. हे सगळं डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप करून घ्या, हाताचं अक्षर आम्हालाच लागत नाही, त्यांना काय लागणार.

आणि गोळ्या तीन महिन्यांच्या न्या. हायड्रॉक्सियुरिया तिकडे जीपी सहसा देत नाही, हॉस्पिटलच देतं, आणि अपॉइंटमेंटला वेळ लागतो. डब्यावर हायड्रॉक्सीकार्बमाइड लिहिलेलं असेल, औषध तेच. ट्रॅमाडॉलसारखं काही सोबत असेल तर डॉक्टरचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा.

काहून_बे
सगळे गोड गोड सांगून राहिले म्हणून मी जरा कडू सांगतो. सेंटर एक नंबर, पण रात्री इमर्जन्सीत सेंटरचा डॉक्टर नसते ना भाऊ. माझा लहान भाऊ, तो पण सिकलवाला, तिकडे शिकायला होता, एका हॉस्पिटलात खुर्चीवर कण्हत बसून होता, नर्सला वाटलं पोट्टा नाटक करून राहिला. आणि हे एकट्या त्याचंच नाही, तिथल्या खासदारांच्या गटाने 2021 च्या नोव्हेंबरमधे रिपोर्ट काढला की इमर्जन्सीत आणि साध्या वॉर्डात सिकलवाल्यांकडे नीट लक्ष दिलं जात नाही. म्हणून एक गोष्ट पाठ करा, नाइसची (इलाज कसा करायचा ते ठरवणारी तिथली संस्था) गाइडलाइन आहे 2012 ची, सिकलचा क्रायसिस, म्हणजे जोराची कळ, घेऊन पेशंट आला की 30 मिनिटांच्या आत दुखणं थांबवायचं औषध दिलं पाहिजे. तिथं हे शांतपणे म्हणून दाखवायचं, भांडण न करता. सेंटरकडून पोराचा केअर प्लॅन लिहून घ्या, कोणतं औषध, किती डोस, कोणाला फोन, आणि तो मोबाइलमधे ठेवा.

मिहानवाला
बाप रे, मी तं फक्त नाव विचारलं होतं. मेडिकल चौक काका, उद्याच फाईल काढतो. मॅनेजरचा इन्शुरन्स मग काहीच कामाचा नाही का? आणि ताप आला तं? इथं आम्ही क्रोसिन देऊन सकाळपर्यंत पाहतो.

वेम्बलीची_वहिनी
इन्शुरन्स दात, चष्मा, तुमची कंबर यासाठी ठेवा. इकडचे प्रायव्हेट इन्शुरन्सवाले आधीपासूनचा, जन्मभराचा आजार सहसा घेतच नाहीत, आणि घेतला तरी सिकलचे अनुभवी लोक एनएचएसमधेच बसले आहेत.

क्रोसिन देऊन सकाळची वाट बिलकुल पाहायची नाही. 38 च्या वर, म्हणजे आपला 100.4, गेला की सरळ इमर्जन्सी, सिकलवाल्या लेकराची प्लीहा काम करत नाही तं इन्फेक्शन तासांत चढते. समजत नसेल तं 111 ला फोन करून विचारा, लेकरू निपचित पडलं, श्वास लागला, छातीत दुखलं तं 999 ला, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी. सेंटरच्या नर्सने मला माझ्याच हाताने पोरीची प्लीहा पाहायला शिकवलं, पोरगी पाठीवर झोपलेली, गुडघे वर, डाव्या बरगडीखाली बोटं सपाट ठेवायची आणि तिला लांब श्वास घे म्हणायचं, बोटाला काही टेकलं तं तिथं पेनाने खूण करायची आणि निघायचं. तुमच्या मिसेसला पण शिकवून घ्या, इंग्रजीची अडचण असेल तं दुभाषी मागा, पैसे लागत नाहीत.

मिहानवाला
धन्यवाद वहिनी. शेवटचं एक, शाळेचं काय? थंडी सोसवेल का त्याला?

वेम्बलीची_वहिनी
थंडीपेक्षा स्विमिंगचं पहा. इथं प्रायमरीत पोहणं शिकवतातच, आणि ओलं अंग, गार वारा म्हणजे कळीला आमंत्रण. शाळेत हेल्थकेअर प्लॅन बनवतात, त्यात लिहून घ्या की पाणी कोमट असेल तरच उतरवायचं आणि निघाल्याबरोबर कोरडं करायचं. वर्गात पाण्याची बाटली बाकावर राहिली पाहिजे आणि लघवीला केव्हाही जाऊ द्यायचं, सिकलच्या लेकरांना लागते वारंवार, मास्तरणीला वाटते पोरगा टाइमपास करून राहिला. घर ठरलं की पिनकोड इथं टाका, कोणतं सेंटर लागते ते सांगते.