स्टीव्हवर संशय घेतला तिथेच एसी-१२ हरलं

रिमोटधारी:
'लाइन ऑफ ड्यूटी'चे सहाही सीझन परत बघून झाले. ज्यांनी पाहिली नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे सगळंच फुटणार आहे. विसरलेल्यांसाठी: बीबीसीची मालिका, २०१२ ते २०२१. एसी-१२ हे भ्रष्ट पोलिसांना पकडणारं पथक. वर सुपरिटेंडेंट टेड हेस्टिंग्ज, हाताखाली स्टीव्ह आर्नट आणि केट फ्लेमिंग.

पहिल्यांदा बघताना 'आतला माणूस कोण' याच नादात होतो. या वेळी मात्र तिसऱ्या सीझनने डोकं फिरवलं. गुन्हेगारांनी पोलिसात पेरलेला डॉट कॉटन थेट एसी-१२ मध्येच येऊन बसलाय आणि सगळं बालंट स्टीव्हवर ढकलतोय. स्टीव्ह कोण? पहिल्याच भागात पथकाने चुकीच्या घरात शिरून निरपराध माणूस मारला, वरिष्ठाने सगळ्यांना एकच जबानी द्यायला सांगितली, तेव्हा एकटा 'नाही' म्हणालेला. त्या गुणासाठीच हेस्टिंग्जने त्याला आपल्याकडे घेतलं. आणि आता तोच स्टीव्ह काचेच्या त्या खोलीत टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसलाय, रेकॉर्डरचा कान किटवणारा बीप संपता संपत नाहीये, समोर आपलीच माणसं.

माझं मत सरळ आहे. इतकी किंमत मोजून ज्याने खरेपणा दाखवला त्याच्यावरही विश्वास ठेवता येत नसेल, तर त्याला पथक म्हणू नये.

मूळमुद्दा:
अजिबात पटलं नाही. पुरावे बोट दाखवत होते ते स्टीव्हकडेच. लिंडसे डेंटन या पोलीस अधिकारी बाईच्या खुनाचा संशय त्याच्यावर होता. ते डॉटने रचलेलं होतं हे तुम्हाला माहीत आहे, कारण दिग्दर्शकाने तुम्हाला दाखवलं. हेस्टिंग्जला कुणी दाखवलं होतं? 'आपला माणूस आहे, तो असं करणार नाही' हे वाक्य एसी-१२ ने उच्चारलं तर ते ज्यांना पकडतात त्यांच्यात आणि यांच्यात फरक काय राहिला?

खऱ्या लंडनमध्येही हेच झालं होतं. तिथल्या गुप्तहेर शाखेतली लाचखोरी माजली तेव्हा कमिशनर रॉबर्ट मार्क यांनी १९७२ मध्ये ए-१० नावाची वेगळी शाखा काढली. कारण साधं होतं: शाखेच्या माणसांनी शाखेच्याच माणसांची चौकशी केली की हाती काही लागत नव्हतं.

रिमोटधारी:
@मूळमुद्दा, चौकशी करू नका असं मी म्हटलेलंच नाही. माझा आक्षेप घाईला आहे. डॉट गोड बोलतो, वेळेवर हजर असतो, वरिष्ठांच्या हो ला हो करतो. स्टीव्ह हट्टी, उलट उत्तरं देणारा. संशय कुणाकडे गेला बघा! पुराव्याइतकाच तो स्वभावाकडे बघून गेला.

काचेपलीकडे:
हा मुद्दा बरा आहे. पण स्टीव्हला तुम्ही फार उंचावर बसवलंय. पहिल्या सीझनचा शेवट आठवा. एसी-१२ ज्याच्या मागे होतं तो भ्रष्ट अधिकारी टोनी गेट्स महामार्गावर धावत्या गाड्यांपुढे जातो, त्याआधी स्टीव्हला सांगून ठेवतो की मी कर्तव्यावर असताना गेलो असं सांग, म्हणजे बायकामुलांना पैसे मिळतील. आणि स्टीव्ह तसं सांगतो. सीझनच्या सुरुवातीला ज्याने खोटी जबानी नाकारली त्यानेच शेवटी खोटं सांगितलं, तेही कारण ऐकून आपण सगळे रडत असताना. मला तर त्या भागानंतर मालिका जास्त आवडली. मेलेल्या निरपराध माणसासाठी खरं बोलणारा मेलेल्या भ्रष्ट सहकाऱ्यासाठी खोटं बोलतो, आणि दोन्ही वेळा तो तोच माणूस वाटतो.

मूळमुद्दा:
म्हणजे संशयाला जागा आहे, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आभार :)

चिकटपट्टी:
तुम्ही तिसऱ्या सीझनवर अडकलात. खरी गंमत हेस्टिंग्जची आहे. पाचव्या सीझनमध्ये तो तुरुंगात जाऊन टोळीतल्या ली बँक्सला सुचवतो की टोळीत पोलिसांचा माणूस घुसलाय. तो माणूस, जॉन कॉर्बेट, मारला जातो. पुढे त्याच्या विधवेकडे ५० हजार पौंड सापडतात, ते दिलेले हेस्टिंग्जने. स्टीव्ह आणि केट काय करतात? थेट वर कळवत नाहीत, आधी त्यालाच गाठून विचारतात. जो स्टीव्हला एका झटक्यात बाजूला करू शकला, त्याला मात्र समोर बसवून 'सर, हे काय?' असं विचारायची सवलत. रिमोटधारींना हवी ती निष्ठा ही. कुणाच्या जिवावर?

रिमोटधारी:
@चिकटपट्टी, खोटं कशाला बोलू, इथे माझी पंचाईत झाली. त्या प्रसंगात मी दोघांच्या बाजूने होतो. म्हातारा शेवटी वरिष्ठ अधिकारी कारमायकलसमोर स्वतःच कबूल करतो म्हणून सुटल्यासारखं वाटलं. त्याने केलं नसतं तर?

काचेपलीकडे:
तर प्रेक्षक त्यालाही गेट्ससारखं माफ करून मोकळे झाले असते. तो आयरिश वळणाने बोलतो ना, अर्धी माफी तिथेच मिळते.

आणि शेवटी 'आतला माणूस' निघाला तो पोलीस अधिकारी बकल्स. तो इतका मोठा मासा असेल असं कुणालाच वाटलं नाही, तो सगळ्यांना फक्त आळशी वाटत होता. शेवटी धागा कशाने लागला, तर 'definately' अशा चुकीच्या स्पेलिंगने. म्हणजे इंग्रजीतला 'डेफिनिटली' 'ए' घालून लिहिणारा! इतकं मोठं रहस्य शुद्धलेखनावर सुटावं म्हणून कित्येकांनी शेवटच्या भागाला शिव्या घातल्या. मला पटला. ढिसाळ माणसाकडे लक्ष जात नाही, आणि त्यालाही तेच हवं असतं.

मूळमुद्दा:
शेवटचा भाग २ मे २०२१ चा. पुढच्याच महिन्यात एका खाजगी गुप्तहेराच्या १९८७ मधल्या खुनाबाबतच्या स्वतंत्र समितीचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की संस्थेची प्रतिमा जपण्यासाठी चुका लपवणं हाही संस्थात्मक भ्रष्टाचारच. मालिकेतला 'खाकी रंग जपा' म्हणणारा एकेक माणूस डोळ्यासमोर आला. (त्यांच्याकडे खाकी नसते हो, माहीत आहे.)

चिकटपट्टी:
एक प्रश्न उरतो. डॉटने केटला वाचवायला स्वतः गोळी खाल्ली. ते कशात धरायचं, निष्ठेत की नाटकात?

रिमोटधारी:
मरताना त्याने नावंही सांगायला घेतली होती. त्या वेळी केट त्याचा हात सोडत नाही, हे मी दोनदा मागे नेऊन बघितलं.